सोलापूरचं धुराडं सिम्युलेटरमध्ये अजून उभं आहे

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका भगिनीचं पत्र होतं. त्यांचा मुलगा घरी संगणकावर विमान उडवतो, इथवर त्यांची तक्रार नव्हती. पण त्याने ‘सीनरी’ म्हणून साडेचार हजार रुपये घातले, आणि ती सीनरी म्हणजे डोंगर, घरं, झाडं यांची चित्रं, हे कळल्यावर त्यांना फार लागलं. खोट्या डोंगरांवर खरे पैसे का घालवायचे, असं त्यांनी विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. त्याला कुणी उत्तर देईल म्हणून आठवडाभर वाट पाहिली, कुणी दिलं नाही, म्हणून लिहितो.

मी भूमी अभिलेख खात्यात ३३ वर्षं भूकरमापक होतो. साखळीने सुरुवात केली, फलक वापरला, शेवटी ईटीएस या इलेक्ट्रॉनिक मोजणीच्या मशीनवर आलो. हद्दीचा दगड हातभर इकडे-तिकडे झाला तर दोन भावांची तोंडं कायमची फिरतात, हे मी पाहिलेलं आहे. २०२० च्या टाळेबंदीत नातू आमच्याकडे अडकला. त्याच्या संगणकात एक्स-प्लेन नावाचा सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर विमान उडवण्याचा कार्यक्रम, होता. त्याने मला मुंबईहून उडवून सोलापूरला आणलं. “आजोबा, बघा, आपलं गाव,” म्हणाला. मी पाहिलं आणि म्हणालो, हे आपलं गाव नाही.

धावपट्टी होती. दोन्ही टोकांना १५ आणि ३३ हे आकडेही बरोबर होते; म्हणजे एका दिशेने गेलात तर होकायंत्र साधारण १५० अंश दाखवणार आणि उलट आलात तर ३३०. पण बाकी? सिद्धेश्वर तलाव म्हणजे निळा ठिपका, मधलं मंदिर नाही. भुईकोट किल्ला नाहीच. पार्क मैदानाच्या जागी झाडी. आणि पेठांमधून उतरत्या लाल छपरांची घरं, जशी युरोपातल्या खेड्यांत असतात. सोलापूरच्या उन्हात धाब्याचं घर आणि गच्चीवर वाळवण असतं. असं उतरतं कौल त्या पेठांत मी तरी कधी पाहिलं नाही.

असं का होतं ते नातवाने समजावलं आणि पुढं मी स्वतः शिकलो. सिम्युलेटरची जमीन तीन थरांची असते. खाली उंचीचा थर, त्याला मेश म्हणतात. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या मोठ्या भागाची उंची मोजली. घरगुती सिम्युलेटरांच्या जमिनीला वर्षानुवर्षं त्या मोजणीचा मोठा आधार राहिला. त्या मोजणीत सुमारे ३० मीटरला एक उंची मिळते, जुन्या सीनरीत तर ९० मीटरला एक. सोलापूरसारख्या सपाट मुलखात त्याने फारसं बिघडत नाही. पण इथून गोव्याला जा. कृष्णा ओलांडली की पुढं सह्याद्रीचा कडा येतो. तो कडा ९० मीटरच्या मेशवर लोण्याच्या गोळ्यासारखा गोल उतरतो, सरळ तुटत नाही. मेशवर दुसरा थर उपग्रहाच्या किंवा विमानातून काढलेल्या छायाचित्राचा. त्याला आमच्यात ऑर्थो म्हणतात. तिसरा थर घरं, झाडं, टाक्या, मनोरे. हा तिसरा थर बहुतेक ठिकाणी यंत्र आपोआप पसरवतं, आणि सोलापूरला लाल कौलं येतात ती तिथून. हिरवं दिसलं की झाड लावायचं, एवढंच त्या यंत्राला माहीत. नान्नजचा माळ, जिथं माळढोकासाठी अभयारण्य आहे, तिथं त्याने दाट जंगल उभं केलं होतं. माळढोक उघड्या गवताचा पक्षी आहे. ते चित्र पाहून मला रात्री झोप आली नाही.

म्हणून २०२१ मध्ये मीसुद्धा पैसे घातले. भारतातल्या विमानतळांचा एक संच सतराशे रुपयांना घेतला, त्यात सोलापूर होतं. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. धावपट्टीवरचे पांढरे पट्टे सुरेख होते, पण शेजारी काचेची भलीमोठी इमारत उभी, महानगरात शोभेल अशी. भोवती सूचिपर्णी झाडं. मी नकाशा जोडून सविस्तर पत्र पाठवलं, दोनदा पाठवलं. उत्तर आलं नाही. त्या भगिनींना मला हे आधी सांगायचं आहे: ताई, तुमचा राग मला समजतो. विकत घेतलेली प्रत्येक सीनरी चांगली नसते. जो माणूस त्या गावाला कधी आलेला नाही तो दूर बसून गाव बनवतो, तेव्हा धावपट्टी बरोबर येते आणि गाव चुकतं.

त्यानंतर मी विकत घेणं थांबवलं आणि मोजायला लागलो.

आमच्या घरामागे पाण्याची उंच टाकी आहे. वरून येणाऱ्याला अशी टाकी फार उपयोगाची खूण असते. पेठ, चौक, रस्ता हे हजार फुटांवरून एकसारखे दिसतात, टाकी वेगळी दिसते. कुठल्याच सीनरीत ती नव्हती. जानेवारीत एका सकाळी पावणेदहाच्या सुमारास मी नि नातू टेप घेऊन मैदानात गेलो. दोन मीटरची लाल-पांढरी काठी ओळंब्यात उभी केली. तिची सावली पडली ३ मीटर १० सेंटिमीटर. लगेच टाकीच्या सावलीचं टोक खडूने खुणावलं. नातू टाकीच्या खांबाला टेप लावायला निघाला, तेव्हा मी त्याला थांबवलं. टाकीची कड खांबांच्या बाहेर आलेली असते. सावलीचं टोक त्या कडेचं आहे, खांबाचं नाही. म्हणून कडेच्या बरोबर खालचा बिंदू जमिनीवर धरायचा आणि तिथून मोजायचं. ते अंतर भरलं ३४ मीटर १० सेंटिमीटर. काठीच्या प्रमाणात उंची आली २२ मीटर. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा मोजली, फरक एक वीतभर. नातवाने ती संगणकात उभी केली, आठ खांब, मधे गोल जिना, कडेला शेवाळ्याचे काळे ओघळ. पहिल्यांदा तिच्यावरून वळण घेऊन धावपट्टीकडे उतरलो तेव्हा त्याच्या तोंडावर जो आनंद होता, तो मी त्याच्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी साधनांचं थोडक्यात सांगतो. एक्स-प्लेनचं वर्ल्ड एडिटर हे साधन फुकट आहे. त्यात धावपट्टी, टॅक्सीवे (विमानं धावपट्टीपर्यंत नेण्याचे रस्ते), झाडं, इमारती मांडता येतात, आणि केलेला विमानतळ एक्स-प्लेनच्याच सीनरी गेटवे या संकेतस्थळावर पाठवता येतो. तिथं तपासून स्वीकारला तर पुढं जगात कुठंही एक्स-प्लेन चालू करणाऱ्याला तोच विमानतळ दिसतो. अट एकच, सिम्युलेटरच्या ठरलेल्या संचातल्याच वस्तू वापरायच्या. आपली टाकी, आपलं मंदिर वेगळ्या पाकिटात द्यावं लागतं. जमिनीचं छायाचित्र बसवायला ऑर्थो-फोर-एक्सपी हे साधन आहे, तेही फुकट. बारकाव्याच्या १७ व्या पातळीवर आपल्या अक्षांशाला छायाचित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण १.१४ मीटर, रस्त्यावरची एसटी आठ-दहा ठिपक्यांची. मात्र छायाचित्रं ज्यांची त्यांच्या मालकीची असतात, ती स्वतः वापरा, वाटू नका. मी वाटतो ते फक्त मी मांडलेलं. रस्ते आणि इमारतींचे आराखडे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच बनवलेल्या खुल्या नकाशावर कुणालाही भरता येतात, उंचीसकट. आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे २०१७ पासून नागरिकांना संकेतस्थळावर मोफत मिळतात. आपलं शहर जुन्या क्रमांकाच्या ४७ ओ/१४ या पत्रकात आहे. उमेदीच्या काळात एका पत्रकासाठी अर्ज करून महिने वाट बघितलेल्या माणसाला ही केवढी गोष्ट आहे, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

विमानतळाच्या आतलं मी काही मोजत नाही, फोटो काढत नाही. ती शिस्त प्रत्येकाने पाळावी.

आता धुराड्याविषयी. होटगी रोडच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाचं धुराडं सुमारे ९० मीटरचं होतं. विमान उतरण्याच्या वाटेतला अडथळा म्हणून ते १५ जून २०२३ रोजी पाडलं. त्यावर गावात काय वाद झाला, ऊस घालणाऱ्यांना काय वाटलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यात मी इथं जात नाही. मला एवढंच सांगायचं आहे की अडथळा म्हणजे काय, हे मला सिम्युलेटरमध्ये कळलं. विमान तीन अंशांच्या उतारावर खाली येतं. टेकायला एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर उरले असताना ते जमिनीपासून जेमतेम ९७ मीटरवर असतं. ९७ आणि ९०. कागदावर हे दोन आकडे शेजारी लिहिले तर कुणाच्या मनात काही हलत नाही. संध्याकाळच्या धुरकट उजेडात काचेसमोर ते धुराडं वर यायला लागलं की हात आपोआप मागे जातो.

आज विमानतळ चालू आहे, ९ जून २०२५ पासून गोव्याची सेवा सुरू झाली, पण मी पाहिलेल्या कित्येक सीनरींत ते धुराडं अजून तसंच उभं आहे. कारण छायाचित्र जुनं. काही ठिकाणी उलट झालंय, धुराडं नाही पण त्याची लांब सावली जमिनीवर पडलेली आहे. दोन महिन्यांची दोन छायाचित्रं जिथं जोडली तिथं एकाच शेताच्या मधोमध ऋतू बदलतो. अलीकडे काळी नांगरट, पलीकडे पोटरीतली ज्वारी.

माझी संपूर्ण तक्रार आणि मागणी ह्यातच आहे. गाव नकाशावर साल असतं. टिपणावर तारीख असते, मोजणाऱ्याची सही असते. ती नसेल तर कोर्टात तो कागद उभा राहत नाही. सीनरीवर तारीख नसते. कोणत्या सोलापुरावरून आपण उडतोय, २०१५ च्या की आजच्या, हे पाकिटावर कुणी लिहीत नाही. मी माझ्या सोलापूरचे दोन भाग केलेत, एक १४ जून २०२३ पर्यंतचा आणि एक त्यानंतरचा. पहिल्यात धुराडं आहे, दुसऱ्यात नाही, आणि दोन्हींच्या नावातच तारीख आहे. पाडलेली वस्तू पुसून टाकायची नसते, आमच्या खात्यातही जुना नकाशा फाडत नाहीत. शिकागोला मेग्ज फील्ड नावाची तळ्याकाठची छोटी धावपट्टी होती. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्ये निघाला तेव्हापासून कित्येक आवृत्त्यांत पहिलं उड्डाण तिथूनच व्हायचं. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौरांच्या हुकमाने बुलडोझर आले आणि धावपट्टीवर फुलीच्या आकाराचे चर खणून ती निकामी केली. आज तिथं उद्यान आहे. पण लोकांनी तिची सीनरी घरी बनवून जपली, आणि ज्यांनी लहानपणी तिथून पहिलं उड्डाण केलं ते आजही तिथं उतरतात.

आता माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची गोष्ट सांगतो. तिने चाळीस वर्षं विड्या वळल्या. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत झाली, २००६ मध्ये घरं मिळाली, त्यात तिचं एक घर आहे. धावपट्टीच्या पूर्वेला, वरून पाहिलं तर ओळीच ओळी, जशी कुणी पट्टी ठेवून रेघ मारावी. त्या विकतच्या सीनरीत तिथं पुसट तपकिरी डाग होता आणि वर झाडं. दहा हजार कुटुंबांचं गाव डागात गेलं होतं. मी आराखड्यावरून ओळी आखल्या, एकाच साच्याचं घर ओळीने मांडायची सोय साधनात असते ती वापरली. पुढं तिथंच ३० हजार घरांचं रे नगर होतंय, त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या. जुन्या छायाचित्रात ती जागा मोकळी आहे. ते काम अजून माझं राहिलंय.

अक्का संक्रांतीला आली, गड्ड्याच्या यात्रेला. आयुष्यात विमानात बसलेली नाही. मी तिला खुर्चीत बसवलं. तळं दिसलं तशी हात जोडले, “सिद्धरामेश्वर,” म्हणाली. मंदिर मी तोवर बसवलं होतं. त्याआधी किल्ला नि मंदिर दोन्ही जमिनीवर रांगोळीसारखे सपाट पसरलेले होते, चित्र होतं पण भिंत उठत नव्हती. मग अक्कलकोट रस्त्याने कुंभारीकडे वळलो. ती काही बोलेना. बोटाने ओळी मोजत होती. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “ही माझी. पण दारात लिंबू न्हाई माझा.” अठरा वर्षांपूर्वी लावलेला लिंबू. मी विमान थांबवलं, नातवाने साधन उघडलं आणि त्या ओळीतल्या त्या दारात एक झाड ठेवलं. परत उडवलं. बराच वेळ ती ते बघत राहिली. मग म्हणाली, “शेजारणीची पपई बी लाव. तिला वाईट वाटंल.”

ताई, तुमच्या मुलाने खोट्या डोंगरांवर पैसे घातले असं तुम्ही म्हणता. त्याला एकदा विचारा, कुठले डोंगर घेतले. आल्प्सचे घेतले असतील तरी हरकत नाही, चांगली सीनरी बनवणारे लोक वर्ष-वर्ष एका दरीवर खपतात आणि त्यांना त्याचे पैसे मिळायला हवेत. घरातल्या सिम्युलेटरचे तास वैमानिकाच्या परवान्याला धरत नाहीत, हे मात्र त्याला स्पष्ट सांगा, म्हणजे कुणी त्या नावाखाली त्याच्याकडून पैसे उकळणार नाही. आणि पुढच्या वेळी पैसे देण्याआधी दोन गोष्टी बघायला सांगा: छायाचित्र कोणत्या सालचं आणि बनवणारा चूक दुरुस्त करतो का. जमलं तर रविवारी त्याला आमच्याकडे पाठवा. एक टेप आणि दोन मीटरची काठी माझ्याकडे जास्तीची आहे. हिप्परग्याच्या तलावाचा बांध मोजायचा राहिलाय, फताटेवाडीच्या वीज प्रकल्पाची धुराडी दुरून कोनाने मोजायचीत, दक्षिणेकडून येताना तीच सर्वांत आधी दिसतात. मला आता गुडघ्यांमुळे फार चालवत नाही.

इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या स्थापत्य शाखेच्या शिक्षकांनाही माझी विनंती आहे. सर्वेक्षणाचं प्रात्यक्षिक दरवर्षी महाविद्यालयाच्या आवारातच होतं, तीच इमारत दरवर्षी मोजली जाते आणि वही कपाटात जाते. एक वर्ष मुलांना पेठ वाटून द्या. एका गटाला बाळीवेस, एकाला नवी पेठ, एकाला सात रस्ता. इंद्रभुवनच्या मनोऱ्यांची उंची, चार हुतात्मा पुतळ्यांच्या चौकाची रुंदी, सगळं तारीख घालून. वही कपाटात न जाता जगभरच्या सिम्युलेटरमध्ये जाईल.

वाचकांकडे एक मागणं आहे. मला तिसरं सोलापूरही करायचं आहे, गिरण्या चालू होत्या तेव्हाचं. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, त्यांची धुराडी, शेडची करवतीसारखी छपरं. आराखडे मला जुन्या नकाशांतून मिळतात, पण उंची मिळत नाही. कुणाच्या घरी गच्चीवरून काढलेला कृष्णधवल फोटो असेल, लग्नाचा, बारशाचा, कसलाही, ज्यात मागे धुराडं आलंय आणि पुढे एखादा माणूस किंवा सायकल उभी आहे, तर त्याची प्रत आपल्या कार्यालयात माझ्या नावे ठेवावी. फोटो कोणत्या साली, कोणत्या घराच्या गच्चीवरून काढला, तेवढं मागे लिहावं. घराची जागा कळली की धुराड्यापर्यंतचं अंतर नकाशावर मिळतं, आणि सायकल पुढे किती अंतरावर होती ते कळलं की बाकीचं गणित मी करतो.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
जुळे सोलापूर